गावचा आमदार : आत्ताचा बरा की आधीचा?

राहतो भांडुपला पण मत गावालाच आहे. गेल्या रविवारी परळला आमच्या ग्रामस्थ मंडळाची मीटिंग झाली, जमाखर्च वाचायचा राहिला बाजूला आणि दीड तास नुसती आत्ताचा आमदार बरा की आधीचा यावरून जुंपली. बरेच जण म्हणाले या निवडणुकीत मत कोणाला ते अजून काय ठरलं नाही बाबा. म्हणून शाळा आणि गावची कामं एवढ्यापुरतं मी जे बघितलं ते लिहितोय. नावं घेत नाही, कळायचं त्याला कळेल.

आत्ताच्याचं काम बघायला सोपं आहे, जाईल तिथे बोर्ड आहे. शाळेची नवी खोली, सभामंडप, स्मशानशेड, दोन पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) आणि मुख्य म्हणजे वरच्या वाडीचा साकव, म्हणजे छोटा पूल. हा साकव मी हलक्यात घेणार नाही, कारण पऱ्या (ओढा) भरला की वाडीतली पोरं दोन-दोन दिवस शाळेतच यायची नाहीत, आणि आधीच्याला दहा वर्षं सांगून जे झालं नाही ते याने करून दिलं. मयताला पण येतो हा. आधीचा साधा फोन उचलेल तर शपथ.

पण बोर्ड मोजताना एक हिशोब धरा. २०२० पर्यंत आमदार निधी वर्षाला २ कोटी होता, मग ३ झाला, ४ झाला आणि २०२२ च्या बजेटमध्ये ५ कोटी केला. म्हणजे आधीच्याच्या अडीचपट पैसे याच्या हातात आहेत, बोर्ड जास्त दिसणारच ना. शिवाय २५१५ मधली, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या निधीतली कामं वेगळी, ती मिळणं तुमचा आमदार कुठल्या बाकावर बसतो यावर बरंच असतं आणि आधीच्याची शेवटची पाच वर्षं विरोधात गेली.

आता त्या नव्या खोलीचं सांगतो. गणपतीच्या सुट्टीआधी गेलेलो तेव्हा शाळेत डोकावलो. टाइल्स मस्त, भिंतीवर पाढे रंगवलेत, दारावर आमदारांचं नाव. आत पहिली ते पाचवी एकत्र, मास्तर एकच आणि तेही त्या दिवशी केंद्रशाळेत मीटिंगला, तर खिचडी शिजवणाऱ्या काकी हातात डाव घेऊन पोरांकडून बे एके बे म्हणून घेत होत्या. कोपऱ्यात टीव्ही आहे, पण बिल थकलं म्हणून लाईट कापलेली, त्यावर टेबलक्लॉथ टाकून ठेवलाय.

आमदार निधीतून असा मास्तर आणता येत नाही. तो येतो संचमान्यतेतून (पटावरून शाळेला किती मास्तर ते ठरतं ती), पवित्र पोर्टलवरच्या सरकारी शिक्षकभरतीतून, बजेटमधल्या पगाराच्या तरतुदीतून, आणि हे जिथे मांडायचं ते विधानभवन आपल्या नरिमन पॉइंटला. तिथे कोण काय बोललं ते बघायला पाहिजे. मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन दरवर्षी काढतं, गावच्याचं आपणच शोधायचं. मी विधिमंडळाच्या साइटवर लंच टाइममध्ये चार दिवस तेच केलं (डोळे गेले त्या पीडीएफ वाचून).

तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये पट १० च्या आत म्हणून १३०० वर शाळा बंद करायचं निघालं तेव्हा आधीचा नागपूरला उभा राहून आपल्या तालुक्यातल्या शाळांची नावं घेऊन बोललाय. मास्तरांच्या रिक्त पदांवर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे ते) पण आहेत त्याचे, एक नाही, बरेच. आत्ताच्याचे प्रश्न सगळे जेटी आणि बायपासवर. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर आला, कमी पटाच्या शाळांचे मास्तर त्याने अडचणीत आले, आमच्यासारख्या तालुक्याला तर तो पहिला फटका, पण त्यावर याचं एक वाक्य मला सापडलं नाही.

वाडीवाल्यांनी आत्ताच्यालाच दिलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही, साकवावरून रोज तेच जातात. पण माझा पुतण्या त्याच खोलीत तिसरीला बसतो आणि त्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्यामुळे मी सध्या तरी आधीच्याकडे झुकलोय, फोन नाही उचलला तरी चालेल.

पुढच्या महिन्यात दोघेही इथे चाकरमान्यांचे मेळावे घेणार आहेत, नाश्ता, टोपी, मतदानाला फुकट गाड्या वगैरे ठरलेलं. मी दोन्हीकडे जाऊन एकच विचारणार आहे, आपल्या तालुक्यात मास्तरांच्या किती जागा रिकाम्या आहेत? पीएकडे न बघता आकडा कोण सांगतो ते ग्रुपवर टाकतो.