डिस्क भरली की नाही: डीएफचे ऐकावे की डीयूचे?

पीक विम्याचे अर्ज भरण्याच्या गर्दीत, दारात सातबारा घेऊन शेतकरी उभे असताना, 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा संदेश आला, तर काय पुसावे हे घाईघाईत ठरवणे धोक्याचे असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या सेवा केंद्रात लिनक्स मिंटच्या संगणकावर हेच घडले: डिस्कवरची जागा सांगणाऱ्या लिनक्सच्या दोन आज्ञांपैकी डीएफ (df) २५६ जीबीची डिस्क काठोकाठ भरल्याचे सांगत होता आणि डीयूची (du) बेरीज निम्म्यावरच थांबत होती.

डीएफ फाइल-सिस्टीमने (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेने) ठेवलेल्या नोंदीतून आकडे उचलतो, म्हणून उत्तर क्षणात देतो. डीयू मात्र एकेका फोल्डरमध्ये शिरून प्रत्येक फाइलने अडवलेली जागा मोजतो. एकाचे काम तलाठ्याच्या दप्तरासारखे, तर दुसऱ्याचे बांधाबांधाने फिरून केलेल्या मोजणीसारखे आहे. जिथे शिरायची परवानगी नाही तो भाग डीयूच्या मोजणीतून सुटतो. म्हणून तो सुडोसह (sudo, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), आणि दुसऱ्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या भागात) जाऊ नये यासाठी -एक्स (-x) लावून चालवावा.

आमच्याकडे होम फोल्डरमधली '.एक्ससेशन-एरर्स' ही लपलेली लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची) फाइल बेसुमार फुगली होती आणि मी ती पुसली होती. फाइलचे नाव गेले, त्यामुळे डीयूला ती दिसेना. पण चालू प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवल्याने तिची जागा सुटली नव्हती आणि डीएफ ती बरोबर मोजत होता. पुसलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली शोधणाऱ्या 'सुडो एलएसओएफ +एल१' (sudo lsof +L1) या आज्ञेने ती 'डिलिटेड' अशा खुणेसह दाखवली, आणि लॉगआउट करताच जागा मोकळी झाली. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात आणखी एक कारण लक्षात ठेवावे. संगणक पुन्हा सुरू होताना बॅकअपची बाह्य डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरला जोडली गेली नाही, तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच उतरतो, आणि नंतर बाह्य डिस्क जोडली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. डीएफ त्यांची जागा धरतो, डीयूला त्या दिसत नाहीत. बाह्य डिस्क अनमाउंट करून फोल्डर उघडले की उलगडा होतो.

ईएक्सटी४ (ext4) या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-सिस्टीममध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखीव असते, म्हणून डीएफमधील वापरलेली आणि उपलब्ध जागा मिळून एकूण आकडा भरत नाही. सिस्टीमच्या पार्टिशनवर ही राखीव जागा राहू द्यावी. २५६ जीबीच्या डिस्कचे २३८ दिसणे हा केवळ १००० आणि १०२४ च्या मोजमापातला फरक आहे.

टर्मिनलची सवय नसलेल्यांनी डिस्क युसेज अ‍ॅनालायझर वापरावा. तोही डीयूसारखाच फिरून मोजतो, त्यामुळे डीयूच्या मर्यादा त्यालाही आहेत.

जागा उरली आहे का, एवढेच जाणायचे असेल तर डीएफ पुरेसा आहे. तो जागा दाखवत असूनही फाइल सेव्ह होत नसेल, तर 'डीएफ -आय' (df -i) ने आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपले का ते पाहावे. जागा कुणी खाल्ली हे शोधायला डीयू हवा. दोघांत मोठी तफावत आढळली, तर शेतकऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे पुसायला घेण्याआधी एलएसओएफ चालवावा आणि माउंट तपासावेत.