सात दिवसांचं शिबिर की सत्रभर गावासोबत काम?
कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांना गावाशी जोडणारा ओळखीचा रस्ता म्हणजे 1969 पासूनची राष्ट्रीय सेवा योजना आणि तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर. श्रमदान, पंगत, मैत्री. उत्साह दांडगा असतो. पण आठव्या दिवशी गाव मागे राहतं.

दुसरा मार्ग म्हणजे विषयच गावात शिकवायचा. सांख्यिकीच्या मुलांनी कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीत 2019 आणि 2021 च्या महापुराचं पाणी कुठल्या घरात कुठवर चढलं ते नोंदवावं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी त्याशेजारी मांडावी. मग जनावरं, म्हातारी माणसं कधी हलवायची, हे गावकऱ्यांसोबत बसून ठरवावं.

यातल्या कशातून मुलांच्या मनात आशा जास्त रुजेल? मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेत तीन गोष्टी पाहिल्या: ध्येय, तिथवर जायच्या वाटा आणि आपल्याला जमेल हा विश्वास. शिबिरात विश्वास भरपूर मिळतो. वाटा शोधायला मात्र वेळ लागतो, एक बंद झाल्यावर दुसरी काढायला तर जास्तच. म्हणून माझा कौल सत्रभराच्या कामाला. शिक्षकांवरचा भार वाढतो, हे खरं. त्याचे तास वेळापत्रकात धरायलाच हवेत. शिबिर पहिल्या वर्षी ओळखीसाठी ठेवावं आणि पुढचं काम त्याच गावात करावं.