'बिहोव्ह' नीट वापरायचंय? दोन फुकट साधनांची पारख

इंग्रजीतलं एखादं म्हातारं क्रियापद आजच्या लेखात घ्यायचं तर नुसता अर्थ पाठ असून भागत नाही. ते कर्ता कोणता घेतं, पुढे काय मागतं आणि अजून चालतं की फक्त जुन्या प्रवचनांतच उरलंय, हे आधी बघावं लागतं. या कामाला फुकटात मिळणारी दोन साधनं आहेत: मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन शब्दकोश आणि गूगलचा एनग्राम व्ह्यूअर. कसोटीला 'बिहोव्ह' घेऊ, कारण या एका शब्दात बहुतेक सगळे खड्डे आहेत.

आधी शब्दकोश. एक 'ओ'वालं ब्रिटिश स्पेलिंग (behove) टाकलंत तर तो तुम्हाला दोन 'ओ'वाल्या अमेरिकी नोंदीकडे (behoove) पाठवतो. उच्चारही तिथे अमेरिकी, म्हणजे 'बिहूव्ह'. ब्रिटनमध्ये तो 'बिहोव्ह' होतो. भाषणासाठी शब्द घेत असाल तर स्पेलिंग एका देशाचं आणि उच्चार दुसऱ्याचा असं होऊ देऊ नका. अर्थ दिलाय थोडक्यात: गरजेचं, उचित किंवा हिताचं असणं. त्यातलं 'हिताचं' बरेच जण विसरतात. याच कुळातलं 'बिहूफ' हे नाम म्हणजे फायदा, लाभ. जुन्या इंग्रजी खरेदीखतांत 'यूज अँड बिहूफ' अशी जोडगोळी असते ती हीच.

या शब्दकोशाचं खरं मोल त्याच्या लेबलांत आहे, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. 'ऑब्सोलीट' म्हणजे १७५५ नंतर वापराचा पुरावा नाही. हे साल सॅम्युएल जॉन्सनच्या गाजलेल्या इंग्रजी कोशाचं. 'आर्केइक' म्हणजे एके काळी सर्रास चालणारा, आता क्वचित किंवा खास संदर्भातच दिसणारा शब्द. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'मीथिंक्स'वर (म्हणजे 'मला वाटतं') 'आर्केइक' छापलेलं आहे, म्हणून तो आज लिहिला की थट्टा वाटते. 'बिहूव्ह'वर असलं लेबल नाही. म्हणजे शब्द जिवंत आहे, फक्त कोट-टाय घालून फिरतो.

पण वाक्य कसं बांधायचं हे नोंद धड सांगत नाही. सकर्मक आणि अकर्मक असे दोन भाग पाडून मोकळी होते. प्रत्यक्षात आजच्या लेखनात साचा ठरलेला आहे: आधी पोकळ 'इट', मग क्रियापद, मग माणूस, मग 'टू' लावलेलं दुसरं क्रियापद. 'इट बिहोव्ज अस टू वेट.' चूक होते ती 'वुई बिहोव्ह टू वेट' अशी, कारण डोक्यात 'मस्ट' असतं. 'आय बिहोव्ह यू टू' ही तर 'बिसीच'शी झालेली गल्लत, विनवणीचं क्रियापद ते. मराठी माणसाला हा साचा खरं तर सोपा जावा. आपण 'मला जमतं', 'तुला शोभतं' म्हणतो, 'मी जमतं' म्हणत नाही. माणूस कर्त्याच्या जागेवरून बाजूला सरकतो, तसाच इथेही.

'शोभणं' इथवर आपल्याला आणून सोडतं आणि पुढे दगा देतं. मराठीत साडीही शोभते आणि वागणंही. 'बिहोव्ह' कपड्यालत्त्याला लावायचं नाही. त्याला 'सूट' किंवा जुन्या वळणाचं 'बिकम' आहे. 'हे बोलणं तुम्हाला शोभत नाही' यासाठी मात्र 'इट इल बिहोव्ज यू टू' ही रचना चपखल बसते. त्यातलं 'इल' वगळून 'डझ नॉट' लावलं तरी चालतं, पण टोमणा बोथट होतो.

आता एनग्राम. छापील पुस्तकांच्या प्रचंड संग्रहात एखादा शब्दसमूह वर्षागणिक किती वेळा आला याचा हा आलेख. २०१० च्या डिसेंबरात आला. चौकटीत स्वल्पविराम देऊन दोन्ही स्पेलिंगं टाका आणि खालच्या यादीतून संग्रह बदला. अमेरिकी इंग्रजीत दोन 'ओ' वरचढ, ब्रिटिश इंग्रजीत एक 'ओ'. 'इंग्लिश' हा एकत्र संग्रह तसाच ठेवलात तर दोन्हींची खिचडी होते आणि स्पेलिंगबद्दलचा निष्कर्ष फसतो. भारतीय इंग्रजीचा वेगळा संग्रह नाही, ही आपल्या दृष्टीने मोठीच उणीव. आपल्याकडच्या अग्रलेखांत आणि न्यायालयीन निकालांत हा शब्द अजून भेटतो, त्याचा हिशोब इथे लागत नाही. आपलं वळण बहुतांशी ब्रिटिश, तेव्हा एक 'ओ' ठेवावा.

सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे तारांकन. 'इट बिहूव्ज' लिहून एक जागा सोडून तारा टाका. त्या जागी सर्वाधिक येणारे दहा शब्द वेगवेगळ्या रेषांत उलगडतात. क्रियापदापाठोपाठ थेट माणूस येतो की मध्ये 'फॉर'-'ऑफ' घुसतं, हे तिथेच कळतं. व्याकरणाच्या पानभर स्पष्टीकरणापेक्षा ही एक रेघ जास्त शिकवते. मर्यादा अशा: एका वेळी पाचच शब्दांचा समूह चालतो, आणि किमान चाळीस पुस्तकांत न आलेला समूह आलेखात येतच नाही. त्यामुळे 'सापडलं नाही' याचा अर्थ 'चूक आहे' असा घेऊ नका. तारांकन, शब्दाची सगळी रूपं आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष, हे तीन पर्याय एकाच समूहावर एकत्र चालत नाहीत. एकेक करून बघा.

आलेख वाचताना फसगत कुठे होते? पहिलं, उभा अक्ष आपोआप ताणला जातो. एकटं 'बिहूव्ज' टाकलं तर रेघ ऐटीत वर जाते. शेजारी 'ऑट टू' टाका, म्हणजे तीच रेघ जमिनीला चिकटते. दुर्मीळ शब्दाची खरी उंची बघायला असा सोबती हवाच. दुसरं, 'स्मूदिंग' मुळात ३ वर असतं, म्हणजे प्रत्येक बिंदू सात वर्षांची सरासरी दाखवतो. विरळ शब्दासाठी ते ० करून एकदा पाहा. रेघ करवतीसारखी झाली तर नमुना तोकडा आहे, चढ-उतारांवर सिद्धान्त बांधू नका. तिसरं, जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या नव्या सालात मोजल्या जातात, त्यामुळे जुनी क्रियापदं आहेत त्यापेक्षा तरुण दिसतात. आणि १८०० च्या मागे गेलात तर जुन्या छपाईतला लांब आकाराचा 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो. 'बिसीच', 'स्माइट' तपासणाऱ्यांनी तिकडे जपून जावं.

भूतकाळाच्या रूपांसाठी दोन्ही साधनं मिळूनच लागतात. 'रीक हॅवॉक' (हाहाकार उडवणं) याचा भूतकाळ 'रीक्ट'. 'रॉट' हे मुळात 'वर्क'चं जुनं रूप आहे, हे कोश सांगतो. आज छापील मजकुरात कोणतं जास्त चालतं हे आलेख सांगतो: 'रीक्ट हॅवॉक'. 'बिसीच'ची 'बिसॉट' आणि 'बिसीच्ड' ही दोन्ही रूपं कोशात आहेत, निवड तुमच्या मजकुराच्या सुरावर.

मेरियम-वेबस्टरच्या नोंदीखाली ताजी उदाहरणं असतात, ती यंत्राने आपोआप गोळा केलेली. तारीख आणि प्रकाशन बघूनच नमुना म्हणून उचला. एनग्राममध्ये पुस्तकंच असल्याने बोलीचा, बातमीचा सूर कळत नाही. त्यासाठी 'कोका' हा अमेरिकी इंग्रजीचा संग्रह बरा. त्यात १९९० ते २०१९ चा मजकूर बोलणं, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं असा वर्गवार लावलेला आहे. नाव नोंदवून फुकट वापरता येतो, रोजच्या शोधांना मर्यादा आहे.

ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश या सगळ्यांच्या वरचा, पण वर्गणी भरावी लागते. अर्थ कालक्रमाने, प्रत्येकाखाली सालवार उतारे आणि मेलेल्या अर्थापुढे खंजिराची खूण. 'ही बिहोव्ड टू' ही माणसाला कर्ता करणारी स्कॉटिश रचना असल्या कोशातच नीट समजते, आणि ती आज आपण का लिहू नये हेही. एका लेखातल्या एका क्रियापदासाठी वर्गणीचा खर्च करू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र आधी आपल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढून बघावं. बहुतेक ठिकाणी त्या कार्डाच्या क्रमांकावर हा कोश घरबसल्या उघडतो.