लंग कॅन्सरची ट्रायल: कंपनीची का डॉक्टरांची, आपला पेशंट नक्की कुठे बसतो?

आमच्या कळव्याच्या मामांना लंग कॅन्सर निघाला, चौथी स्टेज, आणि तीन आठवड्यांत समोर दोन ट्रायलचे (म्हणजे पेशंटवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांचे) कागद आले, एक औषध कंपनीची आणि दुसरी डॉक्टरांनीच उभी केलेली, तिला ॲकॅडमिक ट्रायल म्हणतात. मला आधी वाटायचं की आजार जेवढा जास्त तेवढा ट्रायलमध्ये नंबर लवकर लागत असेल. तसं अजिबात नसतं. क्रायटेरियात बसायला आजार मोठा चालतो, पण पेशंट धडधाकट लागतो.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. पहिल्या ट्रीटमेंटची ट्रायल असेल तर आधी एकही केमो झालेली नको. घणसोलीच्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं हेच झालं, ईजीएफआरचा (कॅन्सरच्या गाठीतला एक जीनबदल, त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात) रिपोर्ट यायच्या आधीच एका हॉस्पिटलने घाईने पहिली केमो चढवली, आणि चार दिवसांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा त्यांना विचारलेल्या दोन्ही ट्रायलनी नाही म्हटलं. आता पेशंटला श्वासच घेता येत नसेल तर थांबू नका हे मीही म्हणेन, पण चालताबोलता असेल तर आठ-दहा दिवस रिपोर्टची वाट बघायला हरकत आहे का एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.

आता फरक कुठे पडतो ते सांगते, म्हणजे ईकॉग स्कोअर, पेशंट किती हिंडताफिरता आहे त्याचं मोजमाप. शून्य म्हणजे माणूस पूर्वीसारखा, १ म्हणजे जड काम जमत नाही पण हिंडतोफिरतो, २ म्हणजे आंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करतो पण कामधंदा बंद, दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ मात्र उठून असतो, आणि ३ म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ बेड नाहीतर खुर्ची. कंपनीच्या ट्रायल बहुतेक शून्य नाहीतर १ वरच थांबतात. ओसिमर्टिनिब या टार्गेटेड गोळीची (ठरावीक जीनबदलावर काम करणारी) फ्लॉरा ट्रायल घ्या, ५५६ पेशंट, ईजीएफआर पॉझिटिव्ह, सगळे शून्य किंवा १ या अटीवर घेतलेले. आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१६ ते २०१८ मध्ये ३५० पेशंट घेऊन नुसती जेफिटिनिबची (तीही टार्गेटेडच) गोळी विरुद्ध गोळी अधिक केमो अशी ट्रायल केली, तिच्यात २ स्कोअरवालेही घेतले होते, एकवीस टक्के, आणि अठरा टक्के पेशंटना मेंदूत गाठी होत्या. म्हणजे आपल्या वॉर्डात जशी माणसं दिसतात तशी. गोळी अधिक केमोचा निकालही चांगला आला, निम्म्या पेशंटचा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, पण गंभीर त्रासही २५ टक्क्यांवरून ५१ वर गेला, हे कुणी नुसतं पहिलं वाक्य सांगितलं तर दुसरं तुम्ही विचारा.

स्कोअर काही दगडावरची रेघ नाही. मामांच्या छातीत पाणी झालं होतं म्हणून जिना चढवत नव्हता, तेव्हा २ लिहिला, पाणी काढलं आणि आठवड्यात ते भाजी आणायला खाली जायला लागले, मग १ झाला. फक्त डॉक्टरांसमोर "मी एकदम ठणठणीत" असलं नाटक नको, औषध सोसायचं त्यालाच आहे.

तरी कंपनीवाल्यांनी मामांना घेतलं नाही, कारण टीबी. निदान व्हायच्या आधी दोन महिने कुणीतरी एक्सरे बघून टीबीची औषधं सुरू केली होती (आपल्याकडे हे किती कॉमन आहे ते कॅन्सरच्या ओपीडीत बसलं की कळतं), आणि त्यातलं रिफॅम्पिसिन काही टार्गेटेड गोळ्यांचा असर उतरवतं. इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांच्या) ट्रायलमध्ये तर चालू टीबी, रोजचे जास्त स्टेरॉइड, संधिवातासारखे ऑटोइम्यून आजार, यावर बहुतेकदा सरळ फुली. बाकी ईसीजी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन हे सगळीकडे बघतात. आणि घरचे काढे-चूर्ण चालू असतील तर लपवू नका.

पैशाचं म्हणाल तर कंपनीच्या ट्रायलमध्ये ट्रायलचं औषध फुकट, तपासण्याही बऱ्याचशा, जायचा-यायचा खर्चही पुष्कळदा देतात, पण दर तीन आठवड्यांनी हजेरी आणि सारखे स्कॅन. ॲकॅडमिकमध्ये अटी सैल, पण नेहमीची औषधं, स्कॅन तुमच्या खिशातून असू शकतात, कुठलं बिल कुणाचं ते लिहून घ्या. प्लासिबोची भीती दोन्हीकडे घालतात लोक, पण नेहमीची ट्रीटमेंट असताना नुसती साखरेची गोळी देऊन सहसा बसवत नाहीत, एका गटाला नेहमीची ट्रीटमेंट आणि दुसऱ्याला नवं औषध, एकटं नाहीतर नेहमीच्या जोडीला, कुणाला कुठला गट ते कॉम्प्युटर ठरवतो.

संमतीचा फॉर्म मराठीत मागा. त्यात शिक्षण, उत्पन्न विचारतात आणि नॉमिनीचं नाव, ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला म्हणून. मामीने ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवला. मामांनी फॉर्म ओढून स्वतःच तिचं नाव लिहिलं, स्पेलिंग चुकवून. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबवत नाहीत.

ठाण्यातून विचाराल तर खारघरचं ॲक्ट्रेक टाटाचंच आहे, पनवेल लोकलने थेट जाता येतं, परळच्या टाटालाही स्लो लोकलने थेट जाता येतं. सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर प्रत्येक ट्रायलच्या अटी आणि सेंटरची नावं असतात, डॉक्टरांकडे जाताना ती प्रिंट न्या. माझ्या मते स्कोअर शून्य-१, टीबी नाही, फेऱ्या झेपतात तर आधी कंपनीची विचारा, २ असेल नाहीतर मेंदूत गाठ असेल तर ॲकॅडमिक. मामा तिथेच बसले.

आणि बायोप्सीचा ब्लॉक आजच लॅबकडून मागून ठेवा. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या डबीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा असतो, आमच्याकडे तो चार दिवस देवघराच्या कपाटात होता, फ्रिजमध्ये ठेवायची गरज नसते पण उन्हात गाडीत नको.