देव न मानणाऱ्याने गणपतीत काय करावं?

पूर्ण अलिप्त राहावं, की पूजा वगळून बाकीच्यात सामील व्हावं?

अलिप्त राहण्यात सचोटी आहे, हे आधी मान्य करतो. जे पटत नाही त्यापुढे हात जोडायचे नाहीत. मुलांनाही बोलणं एक आणि वागणं दुसरं असं दिसत नाही. पण त्याची झळ बहुतेकदा म्हाताऱ्या आईवडिलांना लागते. वर्षातून एकदा सगळी भावंडं जमतात आणि नेमके आपणच नसतो.

मला दुसरी वाट जवळची वाटते. आरतीला मागे शांत उभं राहता येतं. सकाळी स्वयंपाकघरात बसून गरम उकड मळली, तुपाचा हात लावून मोदकाच्या कळ्या काढल्या, तर तिथे श्रद्धेचा हिशेब कुणी मागत नाही. टिळकांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हाही लोकांनी एकत्र यावं हा हेतू होताच. शिवाय आत राहिलं की बदल सुचवता येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जनाच्या मूर्ती दान करण्याचं, होळी लहान करून पोळी दान करण्याचं आवाहन केलं, तेही सणाच्या दिवशी लोकांमध्ये जाऊनच.

वर्गणीसाठी दमदाटी करणाऱ्या मंडळाला मात्र साफ नकार द्यावा. आणि गौरीच्या हळदीकुंकवातून विधवेला वगळत असतील, तर तिथे मी पहिलीच वाट धरेन, आणि का ते घरच्यांना स्पष्ट सांगेन.