परसातल्या कोंबड्या: वनराज, ग्रामप्रिया की गावठी?

कुडाळ परिसरातील आमच्या परसात गावठी कोंबड्यांच्या जोडीने वनराज आणि ग्रामप्रिया या दोन सुधारित जाती वाढत आहेत. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केल्या असून, घरापुरती अंडी आणि मांस हवे असणाऱ्यांनी त्यांचा जरूर विचार करावा, असे माझे मत आहे. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरणारा ब्रॉयलर अंगणात हिंडवण्यासाठी नसतोच, कारण त्या झपाट्याच्या वाढीचा ताण त्याच्या पायांवर आणि हृदयावर पडतो.

अंड्यांसाठी ग्रामप्रिया निःसंशय सरस आहे. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, तर ग्रामप्रियाकडून नीट खाद्य मिळाल्यास दोनशेच्या घरात अंडी मिळू शकतात. कवच तपकिरी असते, परंतु तेवढ्यावरून अंडे अधिक पौष्टिक समजू नये. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलकाचा खाद्यावर. वनराज अंगाने भरदार असल्यामुळे त्याचे नर मांसासाठी चांगले. मात्र माद्यांना भाताची कणी आणि कोंडा हात सैल सोडून घातल्यास त्या चरबी धरतात आणि अंडी घटतात. माडाखालचा कुजका पाचोळा उकरून वाळवी टिपण्यात आमच्या वनराज कोंबड्या गावठीपेक्षा मागे नाहीत. चवीच्या बाबतीत मात्र वड्यांसोबतच्या रश्श्याला गावठी कोंबड्याचीच सर येते, मग तो शिजायला कितीही वेळ घेवो.

दोन्ही सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून अंडी उबवायला गावठी कोंबडी ठेवावीच लागते. शिवाय या जाती संकरातून आलेल्या असल्याने घरी उबवलेल्या पुढच्या पिढीत तेच गुण पुरते उतरत नाहीत आणि पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबड्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा बोलबाला झाला, पण पिल्ले महाग आणि अंडी कमी, त्यामुळे घरखर्चाच्या हिशेबात तो बसत नाही.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्यात लागते. खुराड्यातले भाताचे तूस मुठीत दाबल्यावर गोळा होऊन राहिले, तर ते त्याच दिवशी बदलावे, कारण ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते आणि तिथे कोणत्याही जातीची ताकद कमी पडते. मुंगूस आत शिरू नये म्हणून जाळी बारीक असावी.

पिल्ले घेताना बेंबी सुकलेली आणि पाय सरळ आहेत ना, हे हातात घेऊन पाहावे. एका आठवडा बाजारातील विक्रेत्याने लेयर (केवळ अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या) जातीचे नर आम्हांला ‘गावठी’ म्हणून दिले होते. त्यामुळे जातीची खात्री देणाऱ्या आणि पहिल्याच दिवशी मरेक्स या विषाणूजन्य रोगावरची लस टोचणाऱ्या उबवणी केंद्रातूनच खरेदी करावी. राणीखेत रोगावरची लासोटा ही लस पहिल्या आठवड्यात आणि गंबोरो रोगावरची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याला घरी द्यावी लागते.