निफ्टी बीज : हात शिवशिवणाऱ्यांनी घेऊ नये

आमचं सांगलीत औषधांचं दुकान. गल्ल्यावर बसून फोनवर भाव बघत राहणारा एक माणूस (आमचे हे) घरात होताच. दुसरीची भर नको म्हणून मी 2007च्या डिसेंबरात निफ्टी बीज घेतले. अजून एकही युनिट विकलेलं नाही, त्यामुळे दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी : हा भारतातला पहिला ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात घेता-विकता येणारा फंड, 2001च्या डिसेंबरअखेर निघालेला. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक, त्या पन्नासही कंपन्यांचा वाटा एका युनिटमध्ये. शेअरसारखा बाजारात घ्यायचा, डीमॅटला (शेअर ठेवायच्या ऑनलाइन खात्यात) जमा होतो. मी घेतला तेव्हा फंड बेंचमार्कचा होता. मग गोल्डमन सॅक्स, मग रिलायन्स, आता निप्पॉन. दुकानाची पाटी तीनदा बदलली, फडताळातला माल तोच.

आता धीराचं. ‘थांबा, पैसा होतो’ असं सांगणारे मधली वर्षं गाळून सांगतात. जानेवारी 2008मध्ये निफ्टी 6,300च्या वर होता, ऑक्टोबरात 2,300च्या खाली. ती पडझड मला फारशी लागली नाही, कारण सगळ्यांचंच पडलं होतं. कंटाळा आला तो नंतर. नोव्हेंबर 2010मध्ये निफ्टी परत 6,300ला टेकला आणि घसरला. 2011 संपलं तेव्हा 4,600. जुना उच्चांक ओलांडायला 2013चा डिसेंबर उजाडला, तो पक्का मागे पडला 2014मध्ये. त्या काळात बँका मुदत ठेवीला नऊ टक्क्यांच्या आसपास देत होत्या. सासूबाई दर वर्षी ठेवीची पावती चष्मा लावून वाचायच्या आणि मला विचारायच्या, “तुझं काय झालं गं त्या कागदाचं?” झालं काहीच नव्हतं. दुकानातून उरेल तसे मी अधूनमधून घेत राहिले, आणि आज जो फायदा दिसतो त्यातला मोठा वाटा त्या मरगळलेल्या वर्षांतल्या खरेदीचा आहे.

बरं, एकच कंपनी धरून बसले असते तर? सत्यम निफ्टीत होती, युनिटेक होती, सुझलॉन होती, येस बँकही होती. सत्यमचा घोटाळा जानेवारी 2009मध्ये उघड झाला आणि त्याच महिन्यात ती यादीतून गेली. येस बँक मार्च 2020मध्ये गेली. अर्थात बाहेर काढेपर्यंतचं नुकसान आपल्याच अंगावर येतं, ते चुकत नाही. पण कुठली कंपनी धरायची नि कुठली सोडायची हा घोर माझ्या डोक्याला नाही. निवांत धरून ठेवायचं बळ मला तरी यातूनच मिळालं.

खर्च नावापुरता. सध्या लाखामागे वर्षाला चाळीसेक रुपये, शिवाय डीमॅटचं वार्षिक शुल्क आणि घेताना दलाली. लाभांश हातात पडत नाही, आतच गुंतवला जातो. ज्यांना त्यावर घरखर्च भागवायचा आहे त्यांना हे गैरसोयीचं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. डिसेंबर 2019मध्ये एका युनिटचे दहा झाले. नवे युनिट खात्यात दिसेपर्यंत बाराशेच्या वरचा भाव सव्वाशेच्या घरात, आणि ब्रोकरच्या ॲपवर माझा जन्माचा तोटा लालभडक. भाचा रात्री फोनवर, “मावशी, बुडालं की सगळं!” ब्रोकरने आधी एक ओळीचा मेसेज नीट मराठीत पाठवला असता तर काय बिघडलं असतं? दुसरं, बाजार उसळलेला असेल तेव्हा युनिटचा भाव आतल्या शेअरांच्या किमतीहून वरखाली होतो. म्हणून मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकू नका. फंडाच्या साइटवर दिवसभर चालू मूल्य दिसतं, ते बघून लिमिट लावा, म्हणजे आपला भाव आपण ठरवून द्या.

आणि सगळ्यात मोठी खोड : हा दिवसभर विकता येतो. 23 मार्च 2020ला निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडला, तेव्हा बोट विकायच्या बटणापासून वितभरच लांब होतं. मी दुकानात मास्कची गिऱ्हाइकं आवरत होते म्हणून वाचले असंही म्हणता येईल. आमच्या यांच्यासारख्यांनी हा घेऊ नये. त्याच पन्नास कंपन्यांचा साधा म्युच्युअल फंड, म्हणजे निफ्टी इंडेक्स फंड घ्यावा, एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम) लावावी. खर्च थोडा जास्त, पण भाव दिवसातून एकदाच कळतो. यांना मी तोच घेऊन दिलाय.

पाचपैकी चार तारे. एक त्या ॲपच्या ‘आज काय पळालं’ नोटिफिकेशनबद्दल कापला. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, आधी ते करा.